देवाचा धन्यवाद ‘करणे’ आणि देवाला धन्यवाद ‘देणे’

प्रश्न (वडोदरा): चर्चमधल्या रविवारच्या मराठी उपासनेची पत्रिका करतो आहोत. देवाने काय दिलं ते बाजूला ठेवून, तो जो आहे त्यासाठीच त्याला गौरव देण्याचा भाग सुरुवातीला आहे. मथळा काय द्यावा? ‘धन्यवाद’ चालेल? शेजारच्या गुजराती मंडळीत या सगळ्याला ‘भजन’च म्हणतात.

– ‘भजन’ नको. गुजराती बायबलमध्ये योहान ४:२४ला तोच शब्द आहे आणि तिथे तो शोभतो. मराठी कानाला मात्र टाळ-मृदंग ऐकू येतो. त्याच वचनात मराठीत ‘उपासना’ आहे, पण तो अख्ख्या कार्यक्रमाला लागतो. ‘आराधना’ घ्या.

– आराधनेत ‘राध्’ धातू आहे, म्हणजे प्रसन्न करून घेणं. त्यात मागणीची छटा येते. माझा कौल ‘स्तवन’ला.

– ‘धन्यवाद’ एवढ्यात सोडू नका. बायबलमधल्या स्तोत्र १०३च्या पहिल्या ओवीत ‘परमेश्वराचा धन्यवाद कर’ असं आहे. ‘परमेश्वराला धन्यवाद दे’ असं नाही. मूळ हिब्रू क्रियापद ‘बारख’, म्हणजे धन्य म्हणणं. आभार मानण्यासाठी हिब्रूत ‘तोदा’ हा वेगळा शब्द आहे. उपकार दुसऱ्या ओवीत येतात: ते विसरू नको म्हणून. आज मात्र ‘धन्यवाद’ म्हटलं की लोक ‘थँक्यू’च समजतात, त्यामुळे मथळ्यात तो फसेल.

– स्तवनही पुरतं वेगळं पडत नाही. स्तोत्र १५०:२मध्ये देवाच्या कृत्यांबद्दलही स्तवन आहे आणि त्याच्या थोरवीबद्दलही. स्तोत्र १३६च्या २६ ओव्यांत बहुतेक पूर्वार्ध कृतींचे, पण प्रत्येक उत्तरार्धात ‘त्याची दया सनातन आहे’. कृतीतूनच स्वभाव कळतो, त्यामुळे एवढी सरमिसळ राहणारच.

– म्हणून मथळ्यापेक्षा क्रियापद सांभाळा. ‘तू पवित्र आहेस’, ‘तू विश्वासू आहेस’ अशी तीन-चार वाक्यं, सगळी ‘आहेस’वर संपणारी. ‘तू बरं केलंस’, ‘तू सांभाळलंस’ ही वाक्यं ‘उपकारस्मरण’ या पुढच्या भागात. सगळ्यात जास्त घोटाळा ‘म्हणून’ करतो: ‘तू दयाळू आहेस म्हणून आमचं काम कर’ म्हटलं की स्तवनाची याचना झाली. ‘दयाळू आहेस’पाशी पूर्णविराम द्या आणि वाचणाऱ्याला तिथे श्वास घ्यायला सांगा. वर मथळा ‘स्तवन’च ठेवा. वाचनाला बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ घ्या: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी आनंद. आभार मानावेत असं त्या ओळींत काहीच उरलेलं नाही.