शब्दचर्चा : ‘अनुभवी वस्तू ७७५’ आणि तोफ नसलेला रणगाडा

टाकसाळ :
मंडळी, जरा हात द्या. मित्राच्या दिवाळी अंकासाठी सोव्हिएत रणगाड्यांवरचा एक रशियन लेख मराठीत आणतोय. विषय भन्नाट आहे. साठच्या दशकात त्यांनी नेहमीची तोफ काढून तिच्या जागी क्षेपणास्त्रं बसवलेले रणगाडे बनवून पाहिले होते. मला रशियन येत नाही, म्हणून भाषांतराच्या यंत्राकडून कच्चा खर्डा काढला आणि आता तो निस्तरत बसलोय. पहिलंच वाक्य बघा : ‘अनुभवी वस्तू ७७५ ही मार्गदर्शक रॉकेट टाकी होती.’

‘टाकी’चं मी बघून घेतो, तेवढी अक्कल आहे. पण ‘वस्तू ७७५’ हे नाव आहे का, आणि असलं तर त्याचं भाषांतर करायचं का? ‘अनुभवी’ कुठून आलं? आणि ‘मार्गदर्शक क्षेपणास्त्र’ मी छापील मजकुरातही वाचलंय, पण दर वेळी खटकतं. क्षेपणास्त्र कुणाला मार्गदर्शन करतं? दहावीनंतर काय, यावर?

तळटीप :
‘अनुभवी वस्तू’ वाचून चहा नाकात गेला. पण यंत्राचा अगदीच दोष नाही. रशियनमध्ये ‘ओपित’ म्हणजे अनुभव आणि ‘ओपित’ म्हणजेच प्रयोग. त्यावरून झालेलं विशेषण ‘ओपित्नी’. ते डॉक्टरला लावलं की ‘मुरलेला डॉक्टर’ आणि रणगाड्याला लावलं की ‘चाचणीसाठी बनवलेला रणगाडा’. म्हणजे एकाच शब्दाचे जवळजवळ उलटे अर्थ, एक पुष्कळ केलेला आणि दुसरा अजून काहीच न केलेला.

‘वस्तू’ मात्र काढाच. मूळ शब्द ‘अब्येक्त’. लष्करी रशियनमध्ये पहारा असलेली इमारत, ठिकाण, काम चालू असलेला प्रकल्प, सगळ्यालाच अब्येक्त म्हणतात. मुद्दाम काहीही न सांगणारा शब्द. माहिती असते ती आकड्यात. निझ्नी तागिलच्या कारखान्याचे आकडे शंभराच्या घरात, लेनिनग्राडच्या किरोव कारखान्याचे दोनशेच्या, खारकोवचे चारशेच्या आणि चेल्याबिन्स्कचे सातशेच्या. टी-६२ रणगाडा म्हणजे अब्येक्त १६६, टी-६४ म्हणजे ४३२. आपण पाटीवर एमएच-१२ बघितलं की पुण्याची गाडी म्हणतो आणि एमएच-१६ दिसलं की नगरची, तसं. त्यामुळे ७७५ चेल्याबिन्स्कचा, हे जाणकाराला आकड्यावरूनच कळतं. भाषांतर नको. ‘ऑब्जेक्ट ७७५’ हेच इकडच्या वाचकाच्या ओळखीचं आहे, तेच ठेवा.

गिरमिट :
टाकीवर एवढं हसू नका. इंग्लंडमध्ये १९१५-१६ला हे यंत्र बनत होतं तेव्हा गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत अशी थाप मारली होती, आणि तेच नाव चिकटलं. रशियनांनी ते ‘तांक’ म्हणून जसंच्या तसं उचललं. तेव्हा यंत्राने शंभर वर्षं जुनी थाप मराठीत आणली, इतकंच.

७७५ बद्दल थोडं सांगतो, कारण शब्द ठरवायला रणगाडा डोळ्यांपुढे हवा. १९६४ची गोष्ट. उंची पावणेदोन मीटरच्या आत, म्हणजे शेजारी उभं राहिलात तर छप्पर तुमच्या डोक्याच्या पातळीला. आत माणसं दोनच आणि दोघंही बुरुजात, म्हणजे वरच्या फिरत्या भागात, चालकसुद्धा. आता बुरूज फिरला तर चालकाचं तोंडही फिरणार ना? म्हणून त्याची बैठक उलटी फिरते. जत्रेतला उभा पाळणा कितीही फिरला तरी आत बसलेल्याचं डोकं वरच राहतं, तसं याचं तोंड कायम गाडीच्या पुढच्या बाजूला. आणि १२५ मिलिमीटरची एक नळी. त्या एकाच नळीतून दोन गोष्टी सुटायच्या : ‘रुबीन’ नावाचं वळवता येणारं क्षेपणास्त्र आणि ‘बूर’ नावाचं, सोडलं की आपल्या मार्गाने जाणारं साधं रॉकेट.

रुबीन म्हणजे माणिक. बूर म्हणजे भोक पाडायचं हत्यार, अर्थात माझं आडनाव... चुकलो, टोपणनाव.

टाकसाळ :
अरे, इथेच माझी गाडी अडलीय! मूळ लेखात दोन्हींसाठी एकच शब्द येतो असं यंत्राच्या मराठीवरून वाटतंय. सगळीकडे ‘रॉकेट’.

तळटीप :
असू शकतं. ‘राक्येता’ दिवाळीतलं असो, चंद्रावर जाणारं असो की रणगाडा फोडणारं, रशियन माणूस राक्येताच म्हणतो. वळवता येतं की नाही हे सांगायला आधी विशेषण लावतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर वापरा की. रुबीनला क्षेपणास्त्र म्हणा, बूरला रॉकेट. ‘अग्निबाण’ छान आहे पण तो वाचला की मला चांदोबा मासिक आठवतं.

नगरी नग :
मी या विषयातला नाही, पण घर या विषयातलं. वडील चिलखती दलातून निवृत्त झाले. घरात कायम टँक, गन, टरेट, मिसाइल. ‘रणगाडा’ हा शब्द त्यांनी बोलताना वापरल्याचं मला आठवत नाही. तो २६ जानेवारीच्या संचलनाच्या वर्णनात यायचा. तेव्हा फार शुद्ध करत बसू नका एवढंच म्हणणं.

दुसरं म्हणजे, हा विषय काही रशियातच राहिलेला नाही. आमच्या गावाजवळच्या के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानावर, २२ सप्टेंबर २०२०ला अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून लेझरने दिशा दिलेलं क्षेपणास्त्र सोडून तीन किलोमीटरवरचं लक्ष्य उडवलं होतं. बनवलं पुण्याच्या ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने. वडिलांना विचारलं, ‘गाइडेड’ला मराठीत काय म्हणायचं? म्हणाले, “गाइडेडच. मराठी माणूसच बनवतोय ना, मग झालं मराठी.”

खडूस मास्तर :
वडिलांचा मुद्दा मान्य, पण लेखात ‘गाइडेड’ दहा वेळा आलं तर संपादक फोन करील.

‘मार्गदर्शक क्षेपणास्त्र’ ही सरळ चूक आहे. मार्गदर्शक म्हणजे मार्ग दाखवणारा. ज्याला मार्ग दाखवला ते ‘मार्गदर्शित’. व्याकरणाला चालेल, कानाला मात्र शाळेच्या अहवालासारखं लागतं. मूळ रशियन विशेषण काय आहे, ते तळटीपताईंनी सांगावं.

तळटीप :
‘उप्राव्ल्यायेमी’. ज्याचं नियंत्रण करता येतं, होत राहतं, असं. गाडी हाकणं, कारखाना चालवणं, राज्य करणं, सगळ्याला हेच क्रियापद. मार्ग दाखवण्याचा त्यात संबंध नाही. मार्ग दाखवला आणि घरी गेला असं नव्हे, शेवटपर्यंत लगाम हातात.

खडूस मास्तर :
मग एक गंमत सांगतो. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात आयुधांचे प्रकार दिले आहेत : यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त आणि पाचवं बाहुयुद्ध. त्यातलं ‘मुक्तसंधारित’ बघा. सोडलेलं, तरीही धरलेलं! तिथे ते भाल्याच्या जातीच्या आयुधांसाठी आहे. पुराणात क्षेपणास्त्रं होती असं मी म्हणत नाहीये, त्यासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे जा. पण शब्द म्हणून याहून नेमका मला तरी दिसत नाही.

गिरमिट :
मास्तर, शब्द खरंच जबरी आहे. ‘माल्यूत्का’ नावाचं त्यांचं क्षेपणास्त्र अक्षरशः तसं होतं. सुटलं की मागे बारीक तार सोडत जायचं आणि जवान एका छोट्या दांडीने ते हवेत वळवायचा. संक्रांतीला गच्चीवर आपण करतो तेच, मांजा आणि पतंग. पुढच्या ‘द्राकोन’मध्ये तारही गेली. जवानाने फक्त दुर्बिणीतली खूण लक्ष्यावर धरून ठेवायची, वळवण्याचे हुकूम यंत्र आपोआप रेडिओने पाठवणार. सोडलेलं तरी धरलेलं!

पण छापू नका. ‘रणगाडाविरोधी मुक्तसंधारित क्षेपणास्त्र’ वाचून माणूस अंक मिटेल आणि फराळाला बसेल.

खडूस मास्तर :
छापा म्हटलंय कुणी? गंमत म्हणूनच सांगितलं. कामचलाऊ ‘दिशानियंत्रित’ घ्या. आणि पहिल्यांदा येईल तिथे उलगडून ‘सोडल्यावरही वळवता येणारं’ असं लिहा, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही.

टाकसाळ :
घेतलं. आता मोठा प्रश्न. लेखात पुढे ‘आयटी-१’ येतो. त्याला तोफ नाहीच. मशीनगन सोडली तर फक्त क्षेपणास्त्रं. याला रणगाडा म्हणायचं का? खर्ड्यात यंत्राने ‘टाक्यांचा सैनिक १’ लिहिलंय.

तळटीप :
‘सैनिक’ कुठून आला ते कळलं. ‘इस्त्रेबीतेल’ म्हणजे संहार करणारा, पण लढाऊ विमानालाही हाच शब्द. यंत्राने त्या विमानाच्या इंग्रजी नावावरून उडी मारली असणार. पूर्ण नाव ‘इस्त्रेबीतेल तांकोव’, रणगाडे नष्ट करणारा. म्हणजे रशियनांनी स्वतःच नावात त्याला रणगाडा म्हटलेलं नाही, रणगाड्यांचा कर्दनकाळ म्हटलंय.

आणि हा नुसता शब्दाचा कीस नव्हता. अंगाने आयटी-१ पक्का रणगाडा. निझ्नी तागिलला मुख्य रचनाकार कार्त्सेव यांच्या हाताखाली टी-६२च्या सांगाड्यावर बनलेला, तीच पट्ट्यांची चाल, फिरणारा बुरूज. १९६८मध्ये सैन्यात घेतला. प्रयोगाच्या पुढे जाऊन सेवेत पोचलेला या घराण्यातला हाच एक. पण ‘इस्त्रेबीतेल’ या शब्दाला जुनी आठवण चिकटलेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, शत्रूचे रणगाडे फोडणाऱ्या तोफखान्याच्या तुकड्यांच्या नावात हाच शब्द होता. मग हे यंत्र कुणाचं? रणगाडेवाल्यांचं की तोफखान्याचं? शेवटी दोन बटालियन उभ्या केल्या, एक बेलारूसच्या लष्करी विभागात, एक कार्पेथियनच्या. एकीत माणसं रणगाडा दलाची, दुसरीत तोफखान्याची. म्हणजे नावाने प्रश्न सुटला नाहीच, तो नुसता वाटून टाकला.

नगरी नग :
तोफ नसलेल्या गाडीवर तोफखान्याची माणसं! आमच्या नगरात तोफखाना नावाचा भाग आहे. तिथे भाजी मिळते.

गिरमिट :
आयटी-१चं काम बघायला मजा येते. बुरूज चपटा, पुढे नळीच नाही, कासवाने मान आत घेतल्यासारखा. छपरावरची झडप उघडते, आतून एक हात वर येतो, त्यावर द्राकोन. घडी केलेले पंख उघडतात आणि सुटतं. पोटात पंधरा, त्यातली बारा आपोआप भरणाऱ्या यंत्रणेत. पल्ला ३,३०० मीटर.

पण तीनशे मीटरच्या आतलं लक्ष्य त्याला मारताच येत नाही. कुंपणापलीकडे शत्रू उभा आणि तुमच्या हातात फक्त मशीनगन. किरोव कारखान्याच्या ‘ऑब्जेक्ट २८७’ वाल्यांना हे आधीच सुचलं असावं. त्यांनी ‘तैफून’ क्षेपणास्त्राच्या जोडीला ७३ मिलिमीटरच्या दोन लहान तोफा ठेवल्या होत्या. म्हणजे तोफ पुढच्या दाराने घालवली आणि मागच्या दाराने दोन घेतल्या. तिकडे ७७५ इतका बुटका की गवत-झुडपांतून आतल्यांना नीट दिसेना, शिवाय यंत्रणा नाजूक. क्षेपणास्त्रांवर तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांचा भारी जीव, तोफा जुन्या झाल्या असं त्यांना वाटायचं. ऑक्टोबर १९६४मध्ये त्यांचीच सत्ता गेली आणि या कल्पनेचा वरचा आधार तुटला. आयटी-१चं उत्पादनही १९७०ला थांबलं.

खरं उत्तर १९७६च्या टी-६४बी मध्ये आहे. ‘कोब्रा’ क्षेपणास्त्र दोन तुकड्यांत, साध्या तोफगोळ्यासारखंच यंत्राने भरायचं आणि नेहमीच्याच १२५ मिलिमीटर तोफेतून सोडायचं. तोफही राहिली, क्षेपणास्त्रही आलं. नगरला अर्जुनने केलं ते याच वाटेवरचं.

खडूस मास्तर :
टाकसाळ, तुमच्या प्रश्नावर माझं मत. ‘रणगाडा’ या शब्दात तोफ कुठे आहे? रण आहे आणि गाडा आहे. ‘तोफगाडा’ म्हणजे तोफ वाहायचा गाडा, तो शब्द निराळा. तेव्हा आयटी-१ला ‘तोफ नसलेला रणगाडा’ म्हणण्यात मराठीला काहीच अडचण नाही. त्याचं काम सांगायचं तिथे ‘रणगाडासंहारक’ म्हणा. एकाच परिच्छेदात दोन्ही चालतील. तिकडच्या सैन्याचंच ठरलं नव्हतं, तर तुम्ही कशाला ठरवताय?

आता ‘ओपित्नी’. ‘प्रायोगिक रणगाडा’ नको. मराठीत प्रायोगिक म्हटलं की छबिलदास आणि चटईवर बसलेले वीस प्रेक्षक दिसतात.

तळटीप :
मला तर ते चालेल! आपल्याकडे ‘प्रयोग’ म्हणजे नाटकाचा खेळही. ७७५चे प्रयोग झाले, पण नाटक काही धंदेवाईक रंगभूमीवर आलं नाही. अगदी चपखल.

टाकसाळ :
ताई, मोह होतोय, पण आवरतो. हे कसं वाटतं बघा :

‘ऑब्जेक्ट ७७५ हा चेल्याबिन्स्कला बनलेला चाचणी-रणगाडा. एकाच नळीतून तो साधी रॉकेटं आणि सोडल्यावरही वळवता येणारी, म्हणजे दिशानियंत्रीत, क्षेपणास्त्रं सोडू शके.’

नगरी नग :
वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले कळलं. मग विचारलं, दोघंच माणसं तर पट्टा तुटला की बसवायला तिसरा कुठून आणायचे?

खडूस मास्तर :
वाक्य ठीक. ‘नियंत्रित’, ऱ्हस्व.