शॅपली महासमूहाच्या गाभ्यातला उष्ण वायू: समूहांना जोडणारा पूल की कडांची सरमिसळ?

धंतोलीकर
नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. चर्चासत्रासाठी विद्यार्थ्यांनी शॅपली महासमूह (अनेक दीर्घिकासमूहांचा मोठा समुदाय) निवडला आहे. तो सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर असून त्याच्या गाभ्यात आबेल ३५५६, आबेल ३५५८ आणि आबेल ३५६२ हे दीर्घिकासमूह जवळजवळ एका रांगेत आहेत. रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या चित्रात आबेल ३५५८ पासून आबेल ३५६२ पर्यंत उष्ण वायूचा उजळ पट्टा सलग दिसतो. हा वायू खरोखरच समूहांच्या बाहेरचा मानायचा, की शेजारी समूहांच्या कडा एकावर एक आल्यामुळे तसा भास होतो?

आकाशयात्री, प्रतापनगर
मॅडम, आधी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसवा: या वायूचे तापमान कोट्यवधी अंश असते आणि त्यातून येणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता दहापट कमी झाली की उजेड शंभरपट घटतो. त्यामुळे समूहांबाहेरचा विरळ वायू भरपूर असला तरी चित्रात जेमतेम उमटतो, आणि जे ठळक दिसते ते बहुधा दाट जागचेच असते. शिवाय आपण म्हणता त्या दोन समूहांच्या मधोमध एससी १३२७-३१२ आणि एससी १३२९-३१३ हे दोन लहान समूह बसलेले आहेत, म्हणजे ती जागा मुळातच रिकामी नाही.

प्रत्येक समूहाचा उजेड केंद्राकडून कडेकडे कसा कमी होतो याचे गोलाकार प्रारूप बसवायचे, ते वजा करायचे आणि उरेल तो पूल समजायचा, अशी नेहमीची रीत आहे. शॅपलीच्या गाभ्यात मला ती पुरेशी वाटत नाही, कारण एकमेकांना ओढणारे समूह गोलाकार राहतच नाहीत. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून असे दिसते की एससी १३२९-३१३ हा आबेल ३५६२ च्या जवळून गेला आणि त्या धक्क्याने मोठ्या समूहातला वायू अजून हिंदकळतो आहे. याच दोघांमध्ये अंधूक रेडिओ-उत्सर्जनही सापडले असून, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मीरकॅट आणि आस्कॅप या रेडिओ दुर्बिणींबरोबर आपल्या खोडदच्या जीएमआरटीची निरीक्षणेही होती.

धंतोलीकर
सविस्तर उत्तराबद्दल आभार. काही विद्यार्थ्यांना शॅपलीऐवजी पुण्याच्या आयुकातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महासमूह घ्यायचा आहे. या प्रश्नासाठी तो चालेल का?

दीर्घिकाप्रेमी
विषय आपल्याकडचा आहे खरा, पण या प्रश्नासाठी तो अवघड जाईल. सरस्वती सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ताम्रसृतीत (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती पटीने वाढली त्याचे माप) एक मिळवून येणाऱ्या संख्येच्या चौथ्या घाताने पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या ठरावीक क्षेत्रातून दिसणारा उजेड, घटते. शॅपलीची ताम्रसृती सुमारे ०.०४८ आणि सरस्वतीची सुमारे ०.२८ धरली, तर तसाच वायू सरस्वतीत निम्म्याहूनही फिका दिसेल.

शॅपलीच घ्या आणि नुसत्या चित्रावर विसंबू नका. एक्सएमएम-न्यूटनची जुनी निरीक्षणे सर्वांना खुली आहेत, त्यांतून मधल्या पट्ट्याचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण येतात याचा आलेख) काढता येतो. तिथला वायू समूहांपेक्षा बराच थंड निघाला तर तो समूहांना जोडणाऱ्या विरळ वायूच्या तंतूतला असण्याची शक्यता वाढते, उलट तापलेला निघाला तर टकरीचा संशय घ्यावा. मात्र कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत आपल्या आकाशगंगेतल्या वायूचाही वाटा असतो आणि तो थंड वायूसारखाच भासतो, म्हणून आधी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपट घेऊन तो वाटा ठरवून घ्यावा लागेल.