एका गुणाची किंमत
फॉर्म्युला वनच्या कार शर्यतींबद्दल 'शेवटच्या टीमला एखाद-दुसरा गुण मिळून काय फरक पडतो' असं कोणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. 2016 ची ब्राझील ग्रांप्री, म्हणजे ब्राझीलमधली शर्यत, आठवा. धो धो पाऊस, दोनदा लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली. इथे परळला मध्यरात्र उलटली तरी आमच्या घरात कोणी टीव्हीसमोरून हललं नव्हतं. मॅनोर या छोट्या टीमकडे वर्षभरात एकच गुण, त्यांचा ड्रायव्हर वेरलाइनने ऑस्ट्रियात दहावा येऊन कमावलेला. त्या रात्री सावबर या दुसऱ्या टीमचा ड्रायव्हर नासर नववा आला, 2 गुण घेऊन गेला आणि टीमच्या क्रमवारीत मॅनोर दहाव्या स्थानावरून अकराव्यावर घसरली. दहाव्या स्थानाच्या बक्षिसाचे कोट्यवधी रुपये तिथेच हातचे गेले.

जानेवारी 2017 मध्ये मॅनोर चालवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली, 200 च्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सावबर तरी कुठे गब्बर होती? तिथेही 2016 मध्येच पगार रखडले होते.