बायबलच्या लूक १४:२६ मधला 'द्वेष' वऱ्हाडीत कसा सांगावा?

पऱ्हाटी: अमरावती जिल्ह्यातलं आमचं गाव. घरगुती प्रार्थनेत वचन वऱ्हाडीत सांगायची पाळी माझी होती. आईबाप, बायको, मुलं, भाऊबहिणी आणि स्वतःचा जीव यांचाही द्वेष न करणाऱ्याला माझा शिष्य होता येत नाही, असं येशू म्हणतो. 'द्वेष' मी तसाच ठेवला. मागून एक बुढी म्हणे, "काहून गा, जिनं रातभर जागून लेकरू वाढवलं तिचाच द्वेष? हा कोनता न्याव देवाचा?" पुढचं मला सुचेचना.

तिफण: दुस्वास म्हणा की.

पऱ्हाटी: दुस्वास तर सावत्र आई करते! आणखीच बिघडलं.

जुना मास्तर: मत्तय १०:३७ लावून वाचा. तिथे 'माझ्यापेक्षा अधिक प्रीती' एवढंच आहे. हा हिब्रू वळणाचा 'द्वेष' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मानाने कमी प्रीती. उत्पत्ती २९ मध्ये याकोबाच्या दोन बायका, त्याचं राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रेम, आणि लगेच पुढे लेआसाठी द्वेषाचाच शब्द. मराठीत मात्र ती 'नावडती' झाली. काय नेमका शब्द सापडलाय! तो लूकमध्ये का नको?

काटेकोर: कारण वचन टोचलंच पाहिजे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं (त्या १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली निघालं), पण सोपं करणं वेगळं आणि मऊ करणं वेगळं.

तिफण: ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षांनी आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यात द्वेष कुठाय? आडवा आला तो कुळाचा गर्व.

काटेकोर: कुळाचा 'अभिमान' म्हणा. गर्व वाईटच, म्हणून तर गर्वाचं घर खाली.

तिफण: नागपूरकडे या एकदा. चौकाचौकात फलक, 'आम्हाला गर्व आहे'.

काटेकोर: ती हिंदीची उसनवारी. उद्या नीतिसूत्रे १६:१८ वाचताना पोरं विचारतील, गर्व झाला तर नाश कशाला, सत्कार करा की!

जुना मास्तर: अभिमान तरी कुठे सोवळा? मग 'निरभिमानी' ही स्तुती कशी होते?

काटेकोर: तो वेगळा अभिमान.

तिफण: हो, तुमच्या सोयीचा.

पऱ्हाटी: अहो, माझी बुढी बसलीये तिकडे! 'नावडती' सांगून पाहिलं. म्हणे, "नावडतीचं मीठ अयनी, ते तर आमच्या घरचंच हाय. पन देवानं कूस कोनाची भरली? नावडतीचीच ना?"

जुना मास्तर: खरंय, लेआचीच आधी. आणि ते 'अयनी' जपून ठेवा. अलवणचं अळणी, वऱ्हाडीत 'ळ'चा 'य', जसं डोळाचं डोया.

तिफण: आमच्या वर्ध्याकडं सरळ 'फिकं' म्हणतात.

काटेकोर: फिका असतो रंग.

तिफण: आणि चहा?

काटेकोर: चहाचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा.