नगरचिन्ह असलेला चिनी मातीचा छोटा कलश

प्रश्न : जुन्या बाजारात मला बोटभर उंचीचा, हस्तिदंती छटेचा कलश मिळाला असून त्यावर इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या शहराचे नगरचिन्ह आहे. घोटभर पाणीही न मावणारी अशी वस्तू कोण घेत असे?

उत्तर १ : तळाशी पंख पसरलेल्या ससाण्याचा छाप असल्यास कलश इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गॉस या चिनी मातीच्या कारखान्याचा समजावा. रेल्वे आणि १८७१ चा सुट्ट्यांचा कायदा यांमुळे सामान्य कुटुंबे समुद्रकिनारी जाऊ लागली होती, आणि १८८० च्या दशकात कारखानदाराचे चिरंजीव अ‍ॅडॉल्फस गॉस यांनी नेमके हेच गिऱ्हाईक हेरले. सुरुवातीला गावाचे चिन्ह त्याच गावातील ठरावीक विक्रेत्याकडे मिळे, त्यामुळे कलश म्हणजे तेथे जाऊन आल्याची खूणच ठरे.

उत्तर २ : चिन्हाच्या रेषा छापील असल्या, तरी रंग हाताने भरलेले असत. भिंगातून पाहा, रेषेबाहेर ओघळलेला तांबडा ठिपका दिसल्यास, माझ्या मते, तोच खरा ऐवज.

प्रश्नकर्ता : ससाणा आहे, ठिपकाही आहे.