जपानी तलवारीची मूठ खडखडते, पात्यावर ठिपके पडलेत. काय करू?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी खानापुरात पोरांना कराटे शिकवतो. गेल्या नवरात्रात जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला एक कताना दिली, ऑनलाइन मागवलेली. सोबतच्या कागदावर लिहिलंय: हातानं घडवलेली, 1095 कार्बन स्टील, साज अस्सल धातूचा. खंडेनवमीला बायकोनं हळदकुंकू वाहिलं, मग ती भिंतीवर गेली.

आता जुलैत म्यानातून काढली तर पात्यावर मोहरीएवढे तांबूस ठिपके. कुंकवाचं बोट टेकलं होतं तिथं तर बोटाएवढाच डाग. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार महिने चादर वाळत नाही. त्यातून हलवली की मुठीजवळ खडखड वाजते, गोल तबकडी बोटानं फिरते. विकणाऱ्याला विचारलं तर 'नॉर्मल आहे सर', आणि पुढं उत्तरच नाही.

पात्यावर लाटांसारखी पांढरी रेघ आहे, ती खरी की रंगवलेली? मी तिनं काही कापत नाही, फक्त काता (ठरलेल्या हालचालींचा सराव) करतो. खरं पोरं समोर बसलेली असतात, म्हणून विचारूलालोय.

कानसहातोडा (उद्यमबाग)

पोरं समोर आणि मूठ खडखडते? आधी ती खाली ठेव गा. ठिपके, रेघ, 1095 सगळं नंतर.

माझी तीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर गेलीत, बेळगावातच. तलवारी आमच्याकडे येत नाहीत, गिअर आणि शाफ्ट येतात, खरं स्टीलला त्यातलं काही कळत नाही. हौसेनं मी दोन कताना उघडून बघितल्यात. एकीच्या मुठीत पातं चार बोटांवर संपलं होतं आणि पुढं बोल्टाचा दांडा वेल्डिंग करून चिकटवलेला. असली तलवार जोरात फिरवली की पातं एकीकडं आणि मूठ हातात. म्हणून बाहेरून कितीही चकचकीत असू दे, मुठीच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय फिरवू नकोस.

उघडायची कशी ते सांगतो. मुठीवरच्या दोरीच्या विणीत एक बारीक खुंटी दिसेल, बांबूची. तिला मेकुगी म्हणतात. ती एका बाजूला निमुळती असते. बारीक टोकाच्या बाजूनं पंच लावून हलक्या हातोडीनं ठोक, दुसरीकडून निघेल. मग मूठ डाव्या हातात धरून पातं वर उभं कर, धार तुझ्यापासून लांब, आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर बुक्की मार. दोनतीन बुक्क्यांत पातं सैल होतं. मग मूठ, पातळ चकती, तबकडी, परत चकती, आणि शेवटी पात्याच्या बुडाशी बसलेली पितळेची पट्टी, या क्रमानं काढ. तबकडी म्हणजे त्सुबा, चकत्या म्हणजे सेप्पा, पट्टी म्हणजे हाबाकी. म्यानात तलवार घट्ट बसते ती हाबाकीमुळं.

आत पात्याची शेपटी, नाकागो, बघ. ती पात्याच्याच लोखंडाची, रुंद, मुठीत बऱ्यापैकी लांबवर गेलेली पाहिजे. जोड दिसला तर ती परत भिंतीवर टांग, काता लाकडी बोक्केननं कर.

साजाचं म्हणशील तर लोहचुंबक लाव. लोखंडी त्सुबाला चिकटेल, पितळ-तांब्याला नाही. न चिकटणारा तुकडा हातात हलका वाटला आणि आतून कानशीनं खरवडल्यावर पांढरट निघाला, तर तो ओतीव जस्ताचा, वर मुलामा. शोभेला ठीक. मुठीच्या टोकाची टोपी असली असेल तर फार बिघडत नाही, खरं हाबाकी आणि सेप्पा पितळ किंवा तांब्याचेच हवेत.

आता ती रेघ. तिला हामोन म्हणतात. लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर देतो, धारेकडं पातळ, मग तापवून पाणी देतो. धार झटक्यात निवते आणि तिथं मार्टेन्साइट (पोलादाचं कडक रूप) होऊन ती कडक बनते. पाठ सावकाश निवते, मऊ राहते. कडक झालेला भाग फुगतो, म्हणून पात्याला बाक येतो. ती रेघ म्हणजे कडक आणि मऊ यांच्यामधली शीव. तुमच्या खानापूरची माती कौलं-कुंभारकामाला नाव काढून आहे, ती कुणी असल्या कामाला लावून बघितली पाहिजे!

खोटी हामोन ॲसिडनं किंवा तारेच्या ब्रशनं काढतात. लाटा मोजून एकसारख्या असल्या तर शंका घे. कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश घास. ॲसिडची धूसर रेघ जाते ती जाते. खरी पुन्हा काढता येते, ती लोखंडातच असते.

आणि 1095 म्हणजे साधारण 0.95 टक्के कार्बन, 1060 म्हणजे 0.60. आकडा मोठा म्हणजे तलवार भारी असं नाही. जास्त कार्बनची धार टिकते खरं, पण टेम्परिंग (कडक केल्यावर परत बेतानं तापवणं) चुकलं की ती काचेसारखी तडकते. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या पाट्याचे कोयते करतात, त्या पाट्यात 0.5-0.6 असतं, आणि ऊसतोडीचा हंगामभर ते कोयते चालतात. 'हजार थरांची' असं कुणी सांगितलं तर हस. दहा घड्या घातल्या की 1024 थर होतात. जपानी लोहार घड्या घालायचे ते 'तामाहागाने' नावाच्या त्यांच्या पोलादातला मळ काढायला आणि कार्बन सारखा करायला. गिरणीतून आलेल्या पट्टीला त्याची गरजच नाही.

निपाणीची आक्का

ठिपक्यांचं मी सांगते, माझं शिवणकामाचं दुकान आहे. खोबरेल लावू नकोस बाबा, ते चिकट होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घे, मऊ सुती फडक्यानं पुसून अगदी पातळ थर ठेव. जपानी लोक पातळ तेलात लवंगेचा वास घालतात, त्याला चोजी म्हणतात. पावसाळ्यात दर आठवड्याला म्यानातून काढून पूस. म्यान लाकडाचं, ओल धरतं. आणि पात्याला बोट लावायचं नाही, घामानंही गंज येतो. कुंकू पुढच्या वर्षी म्यानाला लावा!

सांबरा रोड

दोन गोष्टी. एक, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं 2016 च्या शस्त्र नियमांत शस्त्रांच्या यादीत येतं. घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेल्यांना सूट आहे, तलवारीला नाही. सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या भागात बाळगायलाही परवाना लागतो. तुमच्या ठाण्यात लेखी विचारा. अर्ज कन्नडात लिहून देणारा कुणी सोबत न्या, वेळ वाचेल. मिरवणुकीत किंवा 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास ती घेऊन रस्त्यावर येऊ नका.

दुसरं, इतरांसाठी. 1944 ला मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली. कुणाच्या माळ्यावर आजोबांनी तिथून आणलेली जपानी तलवार असेल तर नाकागोवरचा काळा गंज मुळीच घासू नका. लोहाराची सही तिथंच असते.

मलप्रभाकाठ

उघडली. शेपटी एकाच लोखंडाची आणि रुंद निघाली, जीव भांड्यात पडला. खरं खुंटी आइस्क्रीमच्या काडीसारखी मऊ, भोकापेक्षा बारीक, आणि एकच सेप्पा. खडखड त्यामुळंच. त्सुबा चुंबकाला चिकटली, टोपी नाही, आतून पांढरी. पॉलिश घासल्यावर रेघ तेवढी पुसली गेली. कानशीनं बघितलं तर धार आणि पाठ दोन्हींवरून सारखीच घसरते.

कानसहातोडा

मऊ पाठीत कानस रुतली असती. मग माती लावलेलीच नाही, पातं सगळं एकसारखं कडक केलंय. कातासाठी चालतंय, दगडावर आपटू नको तेवढं. खुंटीला भरीव मेस बांबूची वाळलेली काठी घे, बाहेरची टणक बाजू, निमुळती तास, ठोकून बसेल इतकी. सेप्पा मी पितळेच्या पत्र्यातून कापून देतो. शनिवारी दुपारी त्सुबा घेऊन ये. पातं आणू नकोस, बसमध्ये उगीच भानगड.