शॉकअब्जॉर्बर बदलण्याआधी खालचे बुश बघा

तुम्ही लिहिलंय की जुन्या मारुती ८०० मध्ये खड्ड्यातून जाताना आणि ब्रेक मारताना पुढून डावीकडे 'खट्' वाजतं, आणि मेकॅनिक दोन्ही शॉकअब्जॉर्बर बदला म्हणतोय. थोडं थांबा. ब्रेक मारल्यावर आवाज येतोय म्हणजे मला आधी लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आणि स्टॅबिलायझर बार (पुढच्या दोन्ही बाजू जोडणारा आडवा दांडा) यांच्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा, संशय येतो. या गाडीत तो बारच चाकाला पुढे-मागे सरकू देत नाही. बुश गेला की ब्रेक लागताच चाक मागे ढकललं जातं आणि लोखंडावर लोखंड आपटतं.

गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा (लोअर आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवताना टकटक हाताला लागली, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा).

माझ्या गाडीत बुशचं रबर बोटानं दाबलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं होतं. नवे बुश टाकले, पण मेकॅनिकने चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट आवळले. रबर कायम पिळलेलं राहिलं आणि चार महिन्यांत पुन्हा फाटलं. म्हणून शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करून घ्या, समोर उभं राहून. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं.

शॉकअब्जॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसतंय का, ते मात्र कळवा.